फ्लोटवरचा डाग

“आणि मीठ?” आक्कांनी विचारलं.

“मीठ सोडून बरीच वर्षं झाली,” दौलत म्हणाला.

“साखर?”

“ती त्याच्या आधी.”

“चपला?”

“न्हाई घालत. अंथरूण न्हाई, उशी न्हाई. सोमवारी आणि गुरुवारी बोलत न्हाई.”

आक्का तांदूळ निवडत होत्या. एक खडा उचलून त्यांनी बाजूला ठेवला.

“आज कुठला वार?”

“बुधवार.”

“मग बरं झालं आजच विचारलं,” आक्का म्हणाल्या.

मठ पठाराच्या कडेला होता. थोरले महाराज गेल्यापासून तो आक्काच बघायच्या. त्या स्वतःला गुरू म्हणवत नसत, आणि कुणी म्हटलंच तर ऐकू न आल्यासारखं करत. त्यांना खोड एकच होती, प्रश्न विचारायची. विहिरीवर मोटर बसवायला माणूस आला, तर ती मोटर का फिरते ते कळल्याशिवाय त्याला जेवायलाही सोडत नसत.

दौलत पोवार शिमग्यापासून मठात राहत होता. निपाणीला त्याचं आणि धाकट्या भावाचं, रंगरावाचं, मिळून गॅरेज होतं. दौलतनं लग्न केलं नव्हतं. रंगरावाचं घर तेच त्याचं घर, आणि रंगरावाची पोर वैजू त्याच्याच खांद्यावर वाढलेली. हातात कसब होतं आणि नाकावर राग होता.

त्या रागाच्या भरात त्यानं एकदा पाना फेकला. समोर रंगराव होता. पाना भुवईवर बसला आणि शर्ट रक्तानं भिजला.

डोळा वाचला. रंगरावानं टाके घालून घेतले, काही दिवसांत कामावर आला आणि झालं गेलं विसरून गेला. विसरला नाही तो दौलत. त्याला स्वतःच्याच हातांची भीती वाटायला लागली. राग आवरायचा म्हणून त्यानं साखर सोडली, आणि राग खरंच आवरला.

तिथं थांबायला हरकत नव्हती. पण त्यानं मीठ सोडलं, मग चपला, मग अंथरूण, मग आठवड्यातले दोन दिवस बोलणं. राग केव्हाच निवला, सोडणं मात्र थांबेना. घरात त्याच्यासाठी वेगळी भाजी शिजायला लागली. भावजय त्याला हाक मारण्याआधी आज वार कुठला ते आठवून बघायची. पोरं त्याच्यासमोर दबक्या आवाजात बोलायची. शेवटी घराला त्रास नको म्हणून तो मठात आला. इथं मठात स्वयंपाक करणारी पारूबाई त्याच्यासाठी अळणी भाजी वेगळी काढायची आणि काढताना देवाजवळ काहीतरी पुटपुटायची.

त्या बुधवारी सकाळी रंगराव मठात येऊन गेला होता.

वैजूचं लग्न ठरलं होतं, येत्या सोमवारचं. पत्रिका ठेवून तो म्हणाला, मांडव सांगितला, आचारी सांगितला, पोरीला सोन्याचे चार डागही केले, आता फक्त तू राहिलास. वैजू दौलतला आण्णा म्हणायची; तिनं निरोप दिला होता की आण्णांच्या पाया पडल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही.



आक्कांना सगळी हकीकत ठाऊक होती. त्यांनी रंगरावाला जवळ बोलावलं आणि तो व्रण दाखव म्हणाल्या. रंगरावानं अंगठ्यानं भुवईचे केस इकडंतिकडं केले. आक्कांना दिसेना, म्हणून त्यांनी पारूबाईला बोलावलं. पारूबाईनं त्याचं डोकं धरून उजेडाकडं वळवलं, तिलाही सापडेना.

“इथंच कुठंतरी असंल बघा,” रंगराव ओशाळून म्हणाला.

जाताना त्यानं आक्कांनाही आग्रह केला. आक्का म्हणाल्या, गुडघे उतार उतरू देत नाहीत. महाराजांची जीप पत्र्याखाली पडून आहे, ती चालू झाली तर येईन.

रंगराव गेला आणि दौलतनं आपण काय काय सोडलंय त्याची उजळणी मांडली होती. ती मीठ, साखर, चपला करत इथवर आली होती.

“एवढं केलं, तरी मन धजत न्हाई, आक्का,” तो म्हणाला. “ती पोर माझ्या पायाला हात लावणार. तिच्या बापाचं रक्त काढलंय मी. माझ्यावर डाग हाय. तो जाईल असं एखादं मोठं व्रत द्या. मग जातो लग्नाला.”

आक्कांनी सूप खाली ठेवलं…

“ती जीप चालू होईल का रं?”

“आक्का, मी व्रताचं…”

“जीप चालू होऊ दे. मग बघू.”

जीप जुनी होती, पेट्रोलवर चालणारी. थोरले महाराज तिच्यातून गावोगाव हिंडायचे. ते गेले तेव्हा कुणीतरी तिला गोठ्यापलीकडच्या पत्र्याखाली लावली, ती तिथंच राहिली. मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालत होत्या. त्यामुळं तिचा मठाला अगदीच उपयोग नव्हता असं म्हणता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतनं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. बऱ्याच महिन्यांनी त्याचे हात आपल्या कामाला लागले होते.

टाकीतलं पेट्रोल शिळं झालं होतं. त्याला पेट्रोलचा वास येईना, जुन्या वार्निशचा यायला लागला होता. ते त्यानं काढून टाकलं. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी संसार मांडला होता, तो हलवला. पेट्रोल चढवणाऱ्या पंपातला रबरी पडदा वाळून कडक झाला होता, तो बदलला. चोकची तार गंजून अडकली होती, तिला तेल पाजून मोकळी केली. मग कार्बोरेटर खोलून त्यानं अंगणात परातीवर मांडला.

आक्का पाट घेऊन समोर बसल्या.

“हे काय?”

दौलत सांगायला लागला. हवा इथून येते, पेट्रोल इथून. दोन्हींचं मिश्रण होतं आणि ते इंजिनात जातं. ही बारीक भोकाची पितळी जेट. यातून पेट्रोल मोजकंच सुटतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकटा उरतो, काकवीच्या भांड्याच्या तळाशी उरतो तसा. तो या भोकात बसला की इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. भोक तारेनं कोरायचं नाही, मोठं होतं. भिजत घालायचं आणि फुंकर मारायची.

त्यानं फुंकर मारली. आक्कांनी जेट मागून घेतली, डोळ्याला लावून त्यातून आभाळ बघितलं, आणि मग आपणही एक फुंकर मारली.

“आणि हा डबा?”

परातीत पितळेची एक छोटीशी बंद डबी होती, आतून पोकळ.

“ह्यो फ्लोट. वाडग्यात पेट्रोल साठतं, त्यावर ह्यो तरंगतो. पेट्रोल वर आलं की ह्यो वर येतो आणि ही सुई दाबतो. सुई बसली की यायचं पेट्रोल बंद. इंजिनानं पेट्रोल ओढलं की ह्यो खाली जातो, सुई सुटते, पुन्हा पेट्रोल चालू.”

“म्हंजे हा पुरे म्हणतो.”

“व्हय.”

“आणि दुसरं काहीच करत न्हाई?”

“न्हाई. तेवढंच.”

आक्का त्या डबीकडं कितीतरी वेळ बघत होत्या. दौलतनं ती उचलून कानाशी हलवली आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं ती आक्कांच्या कानाशी हलवली. आत खुळखुळ वाजत होतं.

“पेट्रोल शिरलंय आत,” तो म्हणाला. “भोक पडलंय कुठंतरी. पोटात पेट्रोल घेऊन ह्यो तरंगणार कसा? बुडून बसणार आणि सुई उघडीच राहणार.”

“मग सगळं भरून वाहणार.”

“व्हय.”

त्या दिवशी दौलत सूर्य मावळेपर्यंत बोलत होता. तो दिवस गुरुवारचा होता. आक्कांच्या ते ध्यानात आलं होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

शुक्रवारी त्याला ते आठवलं आणि तो घाबरा झाला. मौन मोडल्याबद्दल त्यानं संध्याकाळचं जेवण सोडलं. पारूबाईनं भाकरी परत दुरडीत टाकली आणि आक्कांकडं बघितलं. आक्का त्या वेळी फ्लोटकडं बघत होत्या.

भोक त्यानं सकाळीच शोधलं होतं. चुलीपासून लांब, अंगणाच्या टोकाला त्यानं गरम पाण्याचं पातेलं नेलं आणि फ्लोट पाण्याखाली धरला. एका जागेहून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. तीच जागा खाली करून धरल्यावर आतलं पेट्रोल थेंबाथेंबानं बाहेर पडलं. मग फ्लोट उन्हात ठेवला. वास गेला, खुळखुळ गेली, तेव्हा त्यानं डाग द्यायला घेतला. जागा घासली, कथील धरावं म्हणून नवसागर लावला, तापलेल्या लोखंडानं कथलाचा एक थेंब उचलून भोकावर टेकवला. थेंब पसरला आणि चकाकला.

“बुजलं?” आक्कांनी विचारलं.

“बुजलं.”

काम तिथं संपलं होतं. पण दौलतला वाटलं, पुन्हा गळला तर? लग्न तोंडावर आलेलं. त्यानं त्याच डागावर दुसरा डाग दिला. मग डबीच्या कडेची जुनी शिवण त्याला कच्ची वाटली, म्हणून तिच्यावरूनही कथील फिरवलं.

“तिथं पण भोक हाय?”

“न्हाई. पडू नये म्हणून.”

“बरं,” आक्का म्हणाल्या.

दुपारी कार्बोरेटर जागेवर बसला. टाकीत ताजं पेट्रोल पडलं. दौलतनं चोक ओढला आणि स्टार्टर मारला. जीप खोकली, थरथरली आणि एकदम बोलायला लागली. कोंबड्या उडाल्या. पारूबाई उलथनं घेऊनच बाहेर आली आणि तिनं जीपला हात जोडले.

तेवढ्यात मागून काळा धूर निघाला. कार्बोरेटरच्या कडेनं पेट्रोल वाहायला लागलं. दौलतनं घाईघाईनं चावी बंद केली.

त्यानं फ्लोट काढला, कानाशी हलवला. आत काही वाजत नव्हतं. म्हणजे फ्लोट बरोबर होता, आणि खोट दुसरीकडं होती.

शनिवारी तो नवी सुई आणायला एसटीनं निपाणीला गेला. दुकान स्टँडजवळच होतं. सुई घेऊन तो परत निघाला आणि न राहवून घराच्या बोळाच्या तोंडापर्यंत गेला. मांडवाचे खांब रोवलेले दिसत होते. भावजय दारात उभी राहून कुणाला तरी काहीतरी सांगत होती आणि मोठमोठ्यानं हसत होती. असं हसताना त्यानं तिला खूप दिवसांत बघितलं नव्हतं. तो तिथूनच मागं फिरला. एसटीत त्याला रडू आलं आणि ते त्यानं आवरलं नाही.

नवी सुई बसवली. पेट्रोल वाहिलंच.

पंपाचा जोर जास्त असेल म्हणून त्यानं खाली जाड वॉशर घातला. तरी वाहिलं. फ्लोटची सुईला टेकणारी जीभ वाकवून बघितली, तेव्हा जरा थांबलं. जीप अंगणातून फाटकापर्यंत गेली, फाटकाच्या उंबऱ्यावर आपटली आणि पुन्हा भडाभडा वाहायला लागली.

दर वेळी त्यानं फ्लोट बाहेर काढला आणि हातात आलाच आहे तर म्हणून त्याच्यावर आणखी थोडं कथील चढवलं. दर वेळी त्यानं मनाशी आणखी काहीतरी सोडलंही. दूध सोडलं. दुपारची सावली सोडली, म्हणजे काम आता उन्हातच करायचं. पारूबाईनं आक्कांना विचारलं, हा उद्या श्वास सोडेल का? आक्का म्हणाल्या, त्याला वार ठरवावा लागेल.

रविवारी निपाणीत वैजूला हळद लागत होती. पठारावर दौलत भर उन्हात परातीपुढं बसला होता. त्याच्या तळव्यांना काळं लागलं होतं आणि ओठ सुकले होते.

“आक्का,” तो म्हणाला, “खोट गाडीत न्हाई.”

“मग?”

“माझ्यात हाय. म्हणून गाडी चालू होत न्हाई. माझं तिथं जाणं देवालाच नको असंल.”

आक्का काठी टेकत आल्या आणि त्याच्या शेजारी उन्हातच बसल्या. दौलत त्यांना सावलीत जा म्हणाला, त्यांनी ऐकलं नाही.

“तुझ्यात खोट असली तर पेट्रोल कशाला वाहील?” त्यांनी विचारलं. खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं.



पाय धुवायच्या पाण्याचं घंगाळ तिथंच होतं. आक्कांनी परातीतला फ्लोट उचलला, तळहातावर ठेवून जोखला, आणि पाण्यात सोडला.

फ्लोट बुडाला नाही. पण धड तरंगलाही नाही. एका अंगावर कलला, पाण्यात पुरता शिरला आणि दुसरी कड तेवढी वर ठेवून राहिला.

“ह्यो एका कुशीवर का झोपलाय रं?”

दौलत घंगाळावर वाकला. पाण्यात याची ही तऱ्हा, तर पेट्रोलमध्ये काय होणार. पेट्रोल पाण्याहून हलकं.

“भोक केवढं होतं?” आक्कांनी विचारलं.

“सुईच्या टोकाएवढं.”

“हाय का अजून?”

“न्हाई. पहिल्याच डागात बुजलं.”

“मग हे वरचं काय हाय?”

दौलतनं फ्लोट पाण्यातून उचलला. गॅरेजमध्ये शिकाऊ पोरांना तो स्वतःच बजावायचा, फ्लोटला डाग द्यायचा तो थेंबाएवढा, आणि देऊन झाला की घासून उतरवायचा. फ्लोट जड झाला की पेट्रोलनं त्याला उचलायचं कसं? हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. दोन दिवस तो सुई, पंप, वॉशर, जीभ आणि देव, सगळ्यांना दोष देत होता, आणि भोक बुजवायला घातलेलं कथीलच फ्लोटला बुडवत होतं.

त्यानं हत्यारांतून कानस काढली आणि घासायला बसला. शिवणीवरचं कथील उतरलं, पितळ दिसायला लागलं. मग तो भोकाच्या जागेपाशी आला आणि त्याचा हात थांबला.

“भ्यालास?”

“पुन्हा गळला तर?”

“तर पुन्हा एक थेंब लाव. हात कुठं जाणार हायत तुझे?”

दौलत घासत राहिला. परातीत करड्या चुऱ्याचा लहानसा ढीग झाला. डागाचा पातळ पापुद्रा तेवढा उरला, तेव्हा त्यानं फ्लोट पाण्यात सोडला. फ्लोट सरळ उभा राहिला आणि वर वर हलत राहिला. आक्कांनी बोटानं त्याला खाली दाबला, सोडला. तो टुणकन वर आला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. त्यांना त्याची गंमतच वाटायला लागली होती, आणि दौलतला तो त्यांच्याकडून मागून घ्यावा लागला.

जीप चालू झाली. धूर नाही, गळती नाही. फाटकाचा उंबरा ओलांडून गेली आणि परत आली. दौलतनं ती उभी करून इंजिन तसंच चालू ठेवलं. आक्का बॉनेटला कान लावून ऐकत होत्या.

“आता पुरे म्हणतोय,” त्या म्हणाल्या.

“व्हय.” दौलतनं हात पुसले. “आक्का, जीप चालू झाली.”

“झाली की.”

“तुम्ही म्हणाला होता, मग बघू. व्रताचं.”

आक्कांनी बॉनेटवरचा कान काढला आणि त्याच्याकडं बघितलं. परातीतला चुरा अजून तिथंच होता. त्याच्याकडंही बघितलं.

“लग्न होऊ दे,” त्या म्हणाल्या. “मग बघू.”

“पण मी कसा…”

“मग मला कोण नेणार? मला काय गाडी चालवता येते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत अनवाणी पायांनी जीप चालवत पठार उतरला. सोमवार होता, त्यामुळं तो बोलत नव्हता. आक्का मात्र वाटभर विचारत होत्या. हा काटा कशाचा, तो खटका कशाचा, उतारावर गाडी आवाज का बदलते. दौलत बोटानं दाखवत होता, मान हलवत होता, आणि आक्कांना काहीच नीट कळत नव्हतं. मांडीजवळ त्याचं एक फडकं होतं. त्यात अळणी भाकरी आणि अळणी भाजी बांधलेली होती, तिथल्या माणसांना त्रास नको म्हणून.

मांडवाच्या तोंडाशी जीप थांबली तेव्हा रंगराव धावत आला. त्यानं भावाला मिठी मारली आणि सोडेचना. वैजू हिरव्या चुड्यात, नव्या दागिन्यांत बाहेर आली आणि वाकून दौलतच्या पाया पडली. त्याचे तळवे धुळीनं माखलेले होते. तिनं त्यांनाच कपाळ लावलं आणि वाकलेलीच राहिली.

तिला काहीतरी ऐकायचं होतं.

दौलतनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे ओठ हलले आणि मिटले. वैजू उठली, डोळे पुसले आणि हसली. तिनं मनातल्या मनात वार आठवला असणार.

अक्षता पडल्या. पहिल्या पंगतीला नवरा-नवरीनं वाढायचं, ही त्या घरची रीत होती. नवऱ्याच्या हातात जिलेबीची परात दिली गेली. वैजूनं हट्टानं मिठाची वाटी मागून घेतली, कारण पानात पहिलं पडतं ते मीठ.

ती वाढत वाढत आली. आक्कांच्या पानात तिनं चिमूटभर मीठ टाकलं. शेजारच्या पानासमोर दौलत होता. फडकं मांडीवर, सुटायचं राहिलेलं.

वैजू वाकली. दौलतनं पानावर तळहात आडवा धरला.

“आण्णा,” ती हळूच म्हणाली, “आजच्या दिवस. माझ्या हातचं.”

त्यानं मान हलवली. हात तसाच राहिला. मागं जिलेबीची परात थांबली, तिच्या मागं भाताचं पातेलं थांबलं. सगळी पंगत हात आवरून बसली. रंगराव मांडवाच्या खांबाशी उभा होता. त्यानं तोंड दुसरीकडं वळवलं.

वैजू वाकलेलीच होती. चिमटीतलं मीठ तिनं परत वाटीत टाकलं नव्हतं. दौलतच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात निघत नव्हता…

आक्का हे सगळं बघत होत्या. त्यांनी वैजूकडं बघितलं, गळ्यातल्या नव्या पोतीकडं, हातातल्या पाटल्यांकडं, कानांकडं. एकेक करून मोजावं तसं बघितलं. मग त्या दौलतकडं वळल्या. त्याच्या अनवाणी पायांकडं बघितलं, मांडीवरच्या फडक्याकडं बघितलं, मिटलेल्या ओठांकडं बघितलं, आणि पानावर आडव्या धरलेल्या हाताकडं.

“एवढे डाग तर नवरीच्या अंगावर पण न्हाईत रं, दौलत.”